फट मोजावी की दात?



मराठी घरात दिवस सुरू होतो तो दात घासण्याने. त्यामुळे तारा किंवा अलाइनर लावलेल्या मुलीला डॉक्टर म्हणाले, ‘आज दातांच्या मधून थोडे घासून घेऊ,’ तर तिला आणि शेजारी उभ्या असलेल्या तिच्या आईला ब्रश आणि पेस्टच आठवते. त्या दिवशी जे होते त्याला सुतार किंवा लोहार कानस मारणे म्हणेल. एकमेकांना टेकलेल्या दोन दातांमध्ये हिऱ्याची बारीक कच बसवलेली पातळ पोलादी पट्टी घालून ती मागेपुढे ओढली जाते, किंवा त्याच कामासाठी चकती फिरवली जाते, आणि दातांच्या बाजूंवरचा इनॅमलचा एक थर निघून जातो. दंतवैद्यकात या क्रियेचे नाव मोठे इंग्रजी आहे. दवाखान्यात तिला ‘आयपीआर’ म्हणतात. मी आज तिला ‘घट’ म्हणणार आहे, आणि हा शब्द सोनारांकडून घेतला आहे. अंगठी कानसायची असेल तर सोनार ती आधी तोलतो, काम झाल्यावर पुन्हा तोलतो, आणि मधला फरक गिऱ्हाइकाला घट म्हणून सांगतो, कारण गेलेला माल गिऱ्हाइकाचा असतो. दातांच्या बाबतीतही हिशेब असाच असावा, एवढेच मला आज पटवून द्यायचे आहे. घासल्यावर पडलेली फट मोजण्याची जी सर्वसाधारण रीत आहे ती पुरेशी नाही. दात मोजला पाहिजे, प्रत्येक बाजूची घट वेगळी लिहिली पाहिजे, आणि तो आकडा ज्याचा दात आहे त्याच्या हाती गेला पाहिजे.

सोन्याची आणि इनॅमलची तुलना एका बाबतीत तोकडी पडते, आणि ती बाब इनॅमलच्या हिशेबाला अधिकच कडक करणारी आहे. सोनाराच्या दुकानातली धूळ गोळा करून तीतले सोने धुऊन काढणारे झारेकरी असत. गेलेल्यातले काही परत मिळे. इनॅमल परत मिळत नाही. ते तयार करणाऱ्या पेशी दात हिरडीबाहेर येतानाच नष्ट होतात. वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असलेला हा पदार्थ शरीरातला सर्वांत कठीण, आणि मोडलेले हाड सांधते तसा तो भरून येत नाही. लाळेतले कॅल्शियम आणि फ्लोराइड खरवडलेला पृष्ठभाग थोडा बळकट करतात, पण गेलेली जाडी देत नाहीत. घासताना पट्टीवर पिठासारखी पांढरी पूड जमते. पाण्याच्या फवाऱ्याबरोबर ती नळीत ओढली जाते. ती तोलावी म्हटले तरी हाती काय लागणार? टेकण्याची जागा दोन बाय तीन मिलिमीटर आणि थर ०.३ मिलिमीटर धरला, तर वजन भरते पाचेक मिलिग्रॅम. म्हणजे तोलण्याचा मार्ग बंद आहे. उरतो लांबीचा मार्ग, आणि सगळा प्रश्न तिथेच आहे.

मुळात हे करायचेच कशाला, हा प्रश्न रास्त आहे. जबड्याच्या कमानीत जागा कमी आणि दातांची एकूण रुंदी जास्त असली की दात एकमेकांवर चढतात. मग वाटा मोजक्याच उरतात: उपदाढ काढून प्रत्येकी सुमारे सात मिलिमीटर जागा मिळवायची, कमान रुंदावायची, पुढचे दात ओठाकडे झुकवायचे, किंवा प्रत्येक दात किंचित अरुंद करायचा. दात काढावेत की काढू नयेत यावर अमेरिकेत एडवर्ड अँगल यांचा पंथ आणि कॅल्विन केस यांच्यात १९११ साली झालेला वाद दात सरळ करण्याच्या या शाखेच्या इतिहासात गाजलेला आहे. अँगल यांना दात काढणे मान्य नव्हते. केस यांना काही रुग्णांत ते अटळ वाटत होते. दात अरुंद करण्याच्या वाटेने या दोहोंमध्ये एक मधली जागा तयार केली. १९४४ साली बॅलार्ड यांनी ५०० रुग्णांचे साचे मोजून दाखवले की ९० टक्के लोकांत डाव्या-उजव्या जोडीतल्या दातांच्या रुंदीत पाव मिलिमीटर किंवा त्याहून जास्त फरक असतो, आणि पुढच्या दातांची रुंदी गरजेप्रमाणे जपून कमी करावी असे सुचवले. १९८५ साली जॉन शेरिडन यांनी वेगाने फिरणाऱ्या एअर-रोटरने मागच्या दातांमधून जागा काढण्याची पद्धत मांडली. दाढांच्या आणि उपदाढांच्या आठ सांध्यांतून प्रत्येकी ०.८, पुढच्या पाच सांध्यांतून प्रत्येकी ०.५, म्हणजे एका कमानीत ८.९ मिलिमीटर, अशी ती बेरीज. एक निरोगी उपदाढ काढल्याने मिळणाऱ्या जागेपेक्षा ही जास्त आहे. हे तंत्र हवेच आहे. एखाद्या मुलाचे दोन चांगले दात त्यामुळे वाचत असतील तर त्याच्याविरुद्ध मी अवाक्षर काढणार नाही. ते हवे आहे म्हणूनच त्याचे मोजमाप नीट असायला हवे.

मोजमापाची निकड बोल्टन यांच्या गणितात सर्वांत स्पष्ट दिसते. वेन बोल्टन यांनी १९५८ साली दातांची उत्कृष्ट बैठक असलेल्या ५५ नमुन्यांवरून दाखवले की खालच्या पुढच्या सहा दातांच्या रुंदीची बेरीज वरच्या सहांच्या बेरजेच्या ७७.२ टक्के असते. दोन्ही जबड्यांतले प्रत्येकी बारा दात धरले तर हे प्रमाण ९१.३ टक्के. समजा, कोणाच्या वरच्या सहा दातांची बेरीज ४७ मिलिमीटर आहे. खालचे सहा ३६.३ भरायला हवेत. ते ३८ भरले, तर १.७ मिलिमीटर जादा. खालच्या सहा दातांना, सुळ्यांच्या मागच्या बाजू धरून, बारा बाजू असतात. जादा रुंदी बाराही बाजूंवर सारखी वाटली तर प्रत्येकीच्या वाट्याला ०.१४ मिलिमीटर येते. साध्या छपाईच्या कागदाची जाडी सुमारे ०.१ मिलिमीटर असते. दीड कागदाएवढे हे काम आहे, आणि ते लाळेने ओल्या, जीभ हलती असलेल्या, आरशातून दिसणाऱ्या जागी करायचे आहे.

याच्या जोडीला इनॅमलची जाडी पाहा. खालच्या पटाशीच्या दातांच्या बाजूला, जिथे ते शेजाऱ्याला टेकतात तिथे, इनॅमल साधारण पाऊण मिलिमीटरच्या आसपास असते, पुष्कळांत त्याहून कमी, आणि मानेकडे जाताना ते पातळ होत संपते. उपदाढा-दाढांना ते मिलिमीटरभर किंवा अधिक असते, आणि १९९८ साली स्ट्राउड, इंग्लिश आणि बुशांग यांनी दाखवल्याप्रमाणे दाताच्या मागच्या बाजूला पुढच्या बाजूपेक्षा जास्त असते. व्यवहारात निम्म्यापर्यंत इनॅमल काढणे सुरक्षित मानतात. म्हणजे खालच्या पटाशीच्या दाताला एका बाजूने पाव ते तिसरा हिस्सा मिलिमीटर एवढीच मुभा. या मुभेत ०.१ची चूक झाली तर ती ३० ते ४० टक्क्यांची चूक ठरते. गवंड्याच्या कामात मिलिमीटरचा दहावा भाग कोणी विचारात घेणार नाही. इथे तो हिशेबाचा मोठा तुकडा आहे.

आता मोजतात कसे ते जवळून पाहू. खालचे दोन मधले पटाशीचे दात, दंतवैद्यकाच्या क्रमांकाने ४१ आणि ३१. योजनेत त्यांच्यामध्ये ०.३ मिलिमीटर लिहिले आहे. पट्टी आत जाते, आठ-दहा वेळा मागेपुढे होते, मग जास्त जाडीची पट्टी. मधूनमधून डॉक्टर गेज घेतात. ज्यांनी गॅरेजमध्ये मेकॅनिकला टॅपेटमधले अंतर लावताना पाहिले आहे त्यांना हे हत्यार ओळखीचे वाटेल: ठरावीक जाडीच्या पोलादी पात्यांचा जुडगा, तिकडे त्याला फीलर गेज म्हणतात. ०.१चे पाते गेले, ०.२चे गेले, ०.३चे थोडे अडखळत गेले. काम झाले. तक्त्यावर ०.३ अशी नोंद होते आणि मधल्या फटीत गुळगुळीत करणारी बारीक पट्टी फिरते.

या नोंदीत किती गृहीतके दडली आहेत ती एकेक करून बाहेर काढली पाहिजेत. इंजिनातले लोखंड आपल्या जागी घट्ट असते, म्हणून तिथे पाते खरे बोलते. दात हा भिंतीत ठोकलेला खिळा नव्हे. तो हाडाशी सुमारे ०.२ मिलिमीटर रुंदीच्या तंतुमय अस्तराने जोडलेला असतो आणि बोटाने दाबला तरी किंचित हलतो. शेजारच्या दातांना तो टेकून असतो, नुसता टेकून नव्हे तर दाब देऊन. अशा जागी पोलादी पाते सरकवले की दोन्ही दात आपापल्या बाजूला जरा सरतात. पाते गेले याचा अर्थ एवढाच की दात किंचित रेलून तेवढी वाट देऊ शकतात. तेवढे इनॅमल गेले असा अर्थ त्यातून निघत नाही. आधी रबरी सेपरेटर घालून फट केलेली असेल तर ती फटही पात्याच्या मापात मिसळते. तारेचा ताण चालू असेल तर पट्ट्यांच्या दोन फेऱ्यांच्या मध्येच दात एकमेकांकडे सरकतात आणि माप उलट्या दिशेला चुकते. दात एकमेकांवर चढलेले असतील तर जिथे ते टेकतात ती त्यांची खरी टेकण्याची जागाच नसते; तिथे काढलेला थर पुढे सरळ झाल्यावर भलत्याच ठिकाणी येतो. म्हणून अनुभवी मंडळी आधी दात थोडे सरळ करून घेतात आणि मग घासतात. पाते फटीतली सर्वांत अरुंद जागा सांगते. तिच्या खाली, हिरडीजवळ, पायरी राहिली का हे ते सांगू शकत नाही. आणि गुळगुळीत करणे हेसुद्धा इनॅमल काढणेच आहे. पाते आधी घातले आणि गुळगुळीत नंतर केले, तर शेवटचा थर कोणत्याच नोंदीत आलेला नसतो.

या सगळ्यापेक्षा मोठी अडचण वेगळीच आहे. पाते दोन दातांची बेरीज सांगते. ४१ कडून किती गेले आणि ३१ कडून किती, याबद्दल ते मुके आहे. योजनेत बहुधा निम्मे-निम्मे गृहीत धरलेले असते. पण हाताने ओढलेली पट्टी एका बाजूला जास्त दाबली जाणे अगदी स्वाभाविक आहे, विशेषतः उजव्या हाताने काम करणाऱ्याला रुग्णाच्या एका बाजूला कोन अवघड पडतो तेव्हा. आणि निम्मे-निम्मे योग्यच असते असेही नाही. एका दाताला मोठे फिलिंग आहे, एकाचे इनॅमल पातळ आहे, एक शेजाऱ्यापेक्षा मुळातच रुंद आहे. बॅलार्ड यांचा पाव मिलिमीटरचा फरक आठवा. अशा वेळी एका बाजूने काही न काढता सगळे दुसरीकडून काढायचे असते. त्यासाठी एकाच अंगाला कच असलेल्या पट्ट्या मिळतात. ते खरोखर तसे झाले का, याची साक्ष फट देऊ शकत नाही. दोन भावांच्या सामाईक खात्यातून रक्कम गेली हे पासबुकात दिसते. कोणी काढली हे कळायला सही पाहावी लागते.

हा केवळ तर्क नाही. जोहनर, पँडिस, दुदिच आणि किलिआरिदिस यांनी २०१३ साली काढलेल्या दातांवर प्रयोगशाळेत तीन प्रकारची साधने तपासली. बहुतेक वेळा प्रत्यक्ष घट ठरवलेल्या घटीपेक्षा कमी भरली. पुढे अलाइनरच्या उपचारांत खऱ्या रुग्णांवर, डिजिटल साचे तपासून झालेल्या अभ्यासांतही योजनेपेक्षा कमी घट झाल्याचे पुन्हा पुन्हा आढळले; काहींना योजना आणि प्रत्यक्ष जवळजवळ जुळलेलेही दिसले. म्हणजे आकडे हातागणिक बदलतात, पण चुकीचा कल बराचसा एकाच दिशेचा आहे, आणि त्या दिशेला वर सांगितलेली रेलणाऱ्या दातांची गोष्ट चांगली जुळते.

चूक एकाच दिशेची असणे याला फार महत्त्व आहे, आणि इथे थोडे गणित सहन करावे अशी विनंती आहे. दहा सांध्यांत प्रत्येकी ०.३ म्हणजे तीन मिलिमीटर जागा योजली आहे. प्रत्येक ठिकाणची चूक ०.१ असेल, पण कधी जास्तीची, कधी कमीची, तर त्या चुका एकमेकींना बऱ्याच अंशी खातात. एकूण चूक सुमारे ०.३ मिलिमीटरच्या घरात राहते. चुका दर वेळी कमीच्याच असतील तर त्या निव्वळ बेरजेने वाढतात आणि एकूण एक मिलिमीटर कमी पडतो. योजनेचा तिसरा हिस्सा. तेवढी जागा नसताना दात सरळ करायला गेले की ते कुठेतरी जाणारच: पटाशीचे दात ओठाकडे ढकलले जातात, एखादा सुळा वळायचा थांबतो, अलाइनर दातावर नीट बसेनासा होतो. मग ‘रिफाइनमेंट’ची, म्हणजे दुरुस्तीची दुसरी फेरी येते, नवा स्कॅन, नवी योजना, आणि पुन्हा काही सांध्यांत ०.२ लिहिलेले. पहिल्या फेरीत खरे किती गेले हे कोणालाच ठाऊक नसते. तक्त्यावर ०.३ आणि ०.२ मिळून ०.५ दिसतात. प्रत्यक्षात एखाद्या बाजूचे ०.१ गेलेले असेल, तर त्याच तोंडात दुसऱ्या एखाद्या बाजूचे ०.४. पहिल्या बाबतीत उपचार अपुरा राहतो, दुसऱ्या बाबतीत मुभा ओलांडली जाते, आणि नोंद दोन्हींची एकच. मला काळजी वाटते ती या एकसारख्या दिसणाऱ्या नोंदीची.

आता आक्षेपांकडे येऊ. सर्वांत वजनदार आक्षेप पुराव्याचा आहे आणि तो ऑस्लोहून येतो. ब्योर्न झाक्रिसन आणि सहकाऱ्यांनी २००७ साली, घट केल्याला दहा वर्षांहून अधिक काळ लोटलेल्या ६१ रुग्णांचे खालचे पुढचे दात तपासले. घासलेल्या बाजूंना नवी कीड आढळली नाही. २०११ साली त्यांनी मागच्या दातांचाही असाच हिशेब मांडला. घासलेल्या बाजूंना न घासलेल्यांपेक्षा जास्त कीड नव्हती. मग दहाव्या भागाच्या चुकीवरून एवढा खल कशाला? हे अभ्यास मी महत्त्वाचे मानतो आणि या क्रियेविषयीची भीती त्यांनी घालवली याबद्दल कृतज्ञताही आहे. पण ते काय सांगतात हे नीट वाचले पाहिजे. घासताना दात थंड ठेवणे, कडा गोलसर करणे, पृष्ठभाग काळजीने गुळगुळीत करणे, या शिस्तीत निष्णात हातांनी काम झालेल्या रुग्णांचे हे निष्कर्ष आहेत. राडलान्स्की यांनी १९८०च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दाखवले होते की खरखरीत पट्टीने पडलेल्या चरांत जंतूंचा थर साचून राहतो. काळजीपूर्वक केलेली घट निरुपद्रवी असते, हे ऑस्लोने सिद्ध केले. न मोजलेली घटही निरुपद्रवी असते, हे त्यातून निघत नाही. शिवाय कीड लागली नाही म्हणजे हेतू साधला असेही नाही. जागा कमी पडली का, या प्रश्नाला ते अभ्यास हातच घालत नाहीत.

दुसरा आक्षेप निसर्गाच्या नावाने केला जातो. ऑस्ट्रेलियन दंतवैद्य पी. आर. बेग यांनी १९५४ साली अश्मयुगीन माणसाच्या दातांवर लिहिताना मांडले की भरड अन्न खाणाऱ्या मूळनिवासी ऑस्ट्रेलियनांचे दात आयुष्यभरात एकमेकांवर घासून कमानीमागे सुमारे एक सेंटिमीटर रुंदी गमावतात. माणसाचा दात झिजण्यासाठीच घडला असेल तर डॉक्टरने थोडा झिजवला म्हणून काय बिघडले? या मांडणीचा आकडा पुढे तपासला गेला. रॉबर्ट कोरुचिनी यांनी १९९० साली ऑस्ट्रेलियन मूळनिवासींच्याच साच्यांवरून बेग यांच्या सिद्धांताला गंभीर हरकत घेतली. गंमत अशी की बेग यांनी स्वतः या निरीक्षणावरून काढलेला निष्कर्ष उपदाढा काढण्याच्या बाजूचा होता. पण आकडा खरा धरला तरी आक्षेप टिकत नाही. नैसर्गिक झीज वर्षानुवर्षे चालते, दातांच्या नैसर्गिक हालचालीबरोबर चालते, आणि तिच्या गतीने इनॅमलच्या आतला डेंटिनचा थर स्वतःला घट्ट करत जातो. खुर्चीतली घट दहा मिनिटांत होते. आणि झिजणाऱ्या दाताला हिशेब विचारायला समोर कोणी नसते. कानस हातात घेणारा माणूस मात्र समोर असतो, त्याने योजना लिहिलेली असते, आणि योजना लिहिणाऱ्याला हिशेब विचारता येतो.

तिसरा आक्षेप, किंवा खरे तर तिसरी आशा, यंत्राची आहे. तोंडातला स्कॅनर दाताचा आकार मिलिमीटरच्या शंभराव्या भागांच्या हिशेबात टिपतो; मग मोजायचे काम त्याच्यावर सोपवावे. पुष्कळ बाबतीत सोपवावेच. पण स्कॅनर प्रकाशाने पाहतो, आणि दोन दात जिथे टेकतात तिथे प्रकाश पोचत नाही. त्या जागेचा आकार सॉफ्टवेअर आजूबाजूच्या उतारावरून अंदाजाने भरते. म्हणजे ज्या ठिकाणचा थर मोजायचा आहे नेमके तेच ठिकाण ‘आधीच्या’ चित्रात बेताने रंगवलेले असते. घासल्यावर फट उघडली की ‘नंतरचे’ चित्र जरा खरे येते, आणि वजाबाकी होते ती एका अंदाजातून एका मापाची. यावर उपाय आहे. आधीचा स्कॅन सेपरेटरने दात किंचित विलग करून घ्यावा, चित्रातले दात वेगवेगळे करून प्रत्येकाची रुंदी काढावी, आणि नंतरची रुंदी त्याच रेषेवर घ्यावी. सेपरेटर फटीचे माप बिघडवतो. दाताच्या रुंदीला तो मदतच करतो. सीबीसीटी, म्हणजे जबड्याच्या त्रिमितीय एक्स-रे स्कॅनने, मात्र हा प्रश्न सुटणार नाही. त्याच्या चित्रातला एकेक कण सर्वसाधारणपणे ०.२ ते ०.४ मिलिमीटरचा असतो. अर्ध्या इंचाच्या खुणा असलेल्या पट्टीने सुतळीची जाडी मोजण्यासारखे ते होईल, आणि त्यासाठी मुलांना किरणोत्सर्ग देणे समर्थनीय नाही.

स्कॅनर नसलेल्या दवाखान्याने काय करावे? व्हर्निअर कॅलिपर वापरावा. पिअर व्हर्निए या फ्रेंच गणितज्ञाने १६३१ साली वर्णन केलेली ही सरकती मोजपट्टी आज अंकी रूपात कोणत्याही अवजारांच्या दुकानात मिळते. दातांसाठी तिची टोके पातळ केलेली असतात. इथे जाणकार लगेच म्हणतील की तोंडात कॅलिपरही ०.१ने इकडेतिकडे होतो, मग तो ०.३चा न्याय काय करणार? आक्षेप बरोबर आहे आणि त्याचे उत्तर मोजण्याच्या रीतीत आहे. प्रत्येक दात तीनदा मोजावा, तोही आधीचा आकडा डोळ्यासमोर न ठेवता, आणि सरासरी घ्यावी. एका मापाची चूक ०.१ धरली तर तिन्ही मापांच्या सरासरीची सुमारे ०.०६ होते, आणि आधी-नंतरच्या वजाबाकीची सुमारे ०.०८. हे दैवी माप नाही. पण ही चूक कधी इकडे, कधी तिकडे पडणारी आहे. दहा सांध्यांवर ती एका मिलिमीटरच्या तुटीत साठत नाही. दाताच्या दोन्ही बाजू एकाच बैठकीत घासल्या तर कॅलिपरला एकूण घट कळते, बाजूनिहाय कळत नाही. म्हणून एका बाजूचे काम पुरे करून मोजावे आणि मग दुसऱ्या बाजूला हात लावावा. पात्यांचा जुडगा टाकून द्यावा असे मी म्हणत नाही. काम कुठवर आले हे हाताला सांगण्यासाठी तो उत्तम आहे. नोंदवहीत जाणारा आकडा मात्र त्याचा नसावा.

एवढा वेळ आहे कोणाला, हा चौथा आक्षेप, आणि तो मी सर्वांत आदराने ऐकतो. आपल्याकडे शासकीय दंत महाविद्यालयाच्या बाह्यरुग्ण विभागात एका खुर्चीमागे बाकावर किती जण ताटकळत असतात हे दिसते. पण गणित पुन्हा करून पाहा. सहा दात, प्रत्येकाची एक बाजू, तीन-तीन मापे, आधी आणि नंतर: छत्तीस मापे. मोजणारा एक आणि लिहिणारा मदतनीस दुसरा असेल तर यात दहा-बारा मिनिटे जावीत. त्या बदल्यात न लागणारी एक दुरुस्तीची फेरी म्हणजे वाचलेल्या अनेक भेटी, आणि लांबच्या गावाहून मुलाला घेऊन येणाऱ्या पालकांचे वाचलेले तितकेच रोज. मोजण्याचा वेळ आणि न मोजण्याचा वेळ एकाच तागडीत घातल्याशिवाय हा आक्षेप तोलता येत नाही.

शेवटचा आक्षेप कुजबुजत घेतला जातो: आकडा सांगितला तर लोक घाबरतील. ‘तुमच्या दाताचे ०.२ मिलिमीटर काढले’ असे लेखी हातात दिले की उद्या दातात कळ आली तरी ते बोट तिकडेच दाखवतील. मला हे भय समजते, पण ज्या माणसाला ‘घासून घेऊ’ या शब्दांत ब्रश ऐकू आला त्याची संमती ही संमती नव्हती, हे त्याहून अधिक टोचते. मराठीत हे सांगणे मुळीच अवघड नाही. ‘दोन दातांच्या मधून कागदाच्या दोन-अडीच पानांएवढा थर काढणार आहोत, तो परत येत नाही, पण त्यामुळे चांगली उपदाढ काढावी लागणार नाही’: एवढे वाक्य कोणालाही समजते, आणि समजून घेतलेला माणूस आकड्याला घाबरत नाही. आकडा त्याला पुढेही लागणार आहे. खालचे पुढचे दात वयाबरोबर पुन्हा दाटीवाटी करू लागतात, म्हणून तर त्यांच्या मागे कायमची बारीक तार चिकटवतात; ती तार निघाली, दात सरकले, आणि आज पंचवीस वर्षांची असलेली एखादी मुलगी पस्तिशीत पुण्याहून बंगळूरला किंवा दुबईला नव्या डॉक्टरकडे गेली, तर तो पुन्हा घटच सुचवेल. तोवर फटी बुजलेल्या असतील. दाताकडे पाहून मागे किती गेले ते त्याला सांगता येणार नाही. एक्स-रेवरून अंदाज बांधावा लागेल. त्या वेळी तिच्या मोबाइलमध्ये किंवा फायलीत एक ओळ असावी: दात ४१, मधली बाजू, योजलेले ०.१५, प्रत्यक्ष ०.१२, गुळगुळीत केल्यानंतर मोजले, तारीख, मोजणाऱ्याची सही. त्याखाली दुसरी ओळ ३१ची, वेगळी.